नमनांत नवख्यानें कोणतें सोंग घ्यावें?

फाल्गुनांत शिमगा आला, कीं आमच्या भाट्ये-रत्नागिरीच्या पंचक्रोशींत मृदंग निघतात आणि मुंबईहून रजेवर आलेला एखादा तरुण विचारतो, ‘गुरुजी, मला कोणतें सोंग झेपेल?’ प्रश्न क्षुल्लक नव्हे. पहिलें सोंग फसलें, तर मुलगा पुढल्या वर्षीं येत नाहीं. आणि खेळे घटत गेले, कीं नमनच बंद पडतें.

काळा झगा व मुखवटा घालणारा संकासुर सर्वांस सोपा वाटतो. परंतु चेहरा झांकल्यामुळें सारा भाव अंगानेंच दाखवावा लागतो. तें मुरलेल्या गड्याचें काम. गोमू होणाऱ्या पुरुषास लुगडें नेसून, ठेका न चुकवितां नाचावें लागतें. गौळणींतील पेंद्यास हजरजबाबीपणा हवा, तर वगांतील राजास पाठांतर. सन १९७४ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळांतही नव्या भिडूस योद्धा सोपा जातो, मंत्र सांभाळणारा जादूगार कठीण.

म्हणून नवख्यानें पहिलें वर्ष झांजा घेऊन झील धरणाऱ्यांत उभें राहावें. तेथें चूक दहाजणांत लपते, ठेका पायांत उतरतो आणि प्रत्येक सोंग जवळून पाहावयास मिळतें. पुढें ज्याचे पाय चपळ त्यानें गोमू, ज्याची जीभ चपळ त्यानें पेंद्या व्हावें. संकासुर त्यानंतर.