लॅपटॉपचं वायफाय गेलं? दुकान गाठण्याआधी ड्रायव्हर तपासा

विंडोजचं अपडेट झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि वायफायचं चिन्हच गायब! नेमकी आज ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख. मोबाइलवर तेच वायफाय नीट चालत असेल, तर राउटर निर्दोष आहे. संशय घ्यायचा तो ड्रायव्हरवर. विंडोज आणि वायफाय कार्ड यांच्यातला हा दुभाषी बिघडला, की धडधाकट कार्डही मुकं होतं.

विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स'मध्ये वायफायच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह दिसलं, तर अंदाज बरोबर. प्रॉपर्टीजमधल्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा, जुना ड्रायव्हर परत येईल. बटण पुसट असेल, तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच ड्रायव्हर पुन्हा बसवतं.

नाहीच बसवला तर? नवा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेटच बंद! इथे हातातला मोबाइल कामी येतो. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. नेट केबलमधून येत असल्याने वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही. फक्त चार्जिंगपुरती असलेली स्वस्त केबल मात्र चालणार नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

'नेटवर्क रीसेट' सर्वात शेवटी. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात. एवढं करूनही यादीत अ‍ॅडॅप्टर दिसत नसेल, तर कार्डच सैल किंवा खराब झालेलं असू शकतं. तेव्हा दुकान गाठा.