दुंडिगलचे किरण : एका फिटरचा दिवस

पहाटे ४.३०

हैदराबादजवळच्या दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, उन्हाळ्यातला दिवस अंधारातच सुरू व्हायचा. ऐंशीच्या दशकात मी तिथे किरण विमानांवर इंजिन फिटर होतो. दख्खनचं पठार तापलं की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते आणि वर चढणाऱ्या गरम झोतांत विमान हेलकावतं. शिकणाऱ्या पोराच्या हाताला सकाळची शांत हवाच मानवते. त्यामुळे आम्ही तोंडावर पाणी मारून अंधारातच बराकीतून निघायचो.

५.००

हँगरचे दरवाजे उघडायचे आणि विमानं एकेक करून टारमॅकवर आणायची. मग बीएफएस, म्हणजे उड्डाणापूर्वीची तपासणी. किरणच्या धडाच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं असतात. टॉर्च घेऊन मी त्यांत डोकं घालायचो आणि एखादा खडा, तारेचा तुकडा, सुटा स्क्रू आत नाही ना, हे बघायचो. फिरत्या पात्यांत एवढंसं काही गेलं तरी अख्खं इंजिन वाया जातं. त्याच कारणाने सगळे एका रांगेत, मान खाली घालून टारमॅकवर चालत कचरा वेचायचो. नवीन मुलांना हे काम हलकं वाटायचं. मला ते कधीच हलकं वाटलं नाही.

हे इंजिन होतं व्हायपर. ब्रिटनमध्ये ते मुळात जिंदिविक नावाच्या वैमानिकरहित विमानासाठी बनवलं गेलं. तोफा-क्षेपणास्त्रांचं लक्ष्य म्हणून उडायचं, एवढंच त्या विमानाचं काम. साहजिकच इंजिनही थोड्या तासांच्या आयुष्याचं. पण ते इतकं साधं आणि भरवशाचं निघालं की सुधारून दीर्घायुषी केलं गेलं आणि ब्रिटनचं जेट प्रोव्होस्ट, इटलीचं एमबी-३२६ आणि आपलं किरण या प्रशिक्षण विमानांनी ते घेतलं.

तपासणी झाली की फॉर्म ७०० वर सही. खाली माझं नाव असलं की विमान उडण्यालायक आहे, याची जबाबदारी माझी. त्या सहीला हात कधी सवयीने गेला नाही, याचा मला अभिमान आहे.

६.००

हवामानाचं ब्रीफिंग आटोपून कॅडेट आणि त्यांचे इन्स्ट्रक्टर विमानाकडे येत. वीस-एकवीस वर्षांची पोरं, ओठ हलवत चेकलिस्ट पुटपुटणारी. किरणमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात, पुढे-मागे नाही. कॅडेटचा हात स्टिकवर किती घट्ट आवळलाय, नजर कुठे अडकलीय, हे इन्स्ट्रक्टरला डोळ्यांनी दिसतं. मी ज्यांच्या विमानावर काम केलं त्यांतले कित्येक इन्स्ट्रक्टर सांगत की, शिकवायला याहून चांगली बैठक नाही. मला ते पटतं.

पट्टे आवळायला मदत करायची, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढून त्या मोजून दाखवायच्या, मग ट्रॉलीची वीज जोडून इंजिन सुरू. व्हायपरची बारीक शीळ चढत जायची. चॉक काढले, हात दाखवला की विमान टॅक्सीवर.

६.३०

पहिलं सॉर्टी वर गेलं की जमिनीवरच्या माणसाला बोलायला उसंत मिळते. तेव्हा मी नव्या एअरमनना घाटगे साहेबांची गोष्ट सांगायचो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये (नंतरच्या एचएएलमध्ये) त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान उभं केलं आणि पुढे किरणही त्यांच्याच देखरेखीखाली आकाराला आलं. जेट ट्रेनर आपण स्वतः करायचा, हे १९५९ च्या अखेरीस ठरलं. पण कारखान्याची बरीचशी ताकद मारुत या लढाऊ विमानावर लागलेली होती, म्हणून पहिलं किरण उडायला ४ सप्टेंबर १९६४ उजाडला. १९६८ पासून ते हवाई दलाकडे येऊ लागलं आणि जुन्या व्हॅम्पायर ट्रेनरची जागा त्याने घेतली. ऑर्फियस इंजिनाचं, जास्त जोराचं मार्क-२ नंतर आलं. ते १९७६ मध्ये पहिल्यांदा उडालं.

गावाकडचा माणूस विमान काढतो, हे ऐकून साताऱ्या-सांगलीची पोरं ताठ बसायची.

८.००

आज या कॅडेटचा स्पिन आहे, हे आम्हाला फलकावरून कळायचं. पुरेशी उंची गाठल्यावर वेग मुद्दाम उतरवायचा, रडर पूर्ण दाबायचा. पंख उचल सोडतात, नाक खाली जातं आणि विमान स्वतःभोवती गिरक्या घेत कोसळू लागतं. जमीन भिंगरीसारखी फिरते. मग उलटा रडर, स्टिक पुढे, गिरकी थांबताच कंट्रोल मध्यावर आणि हळूच वर. ज्या विमानावर हे शिकवायचं ते स्पिनमध्ये अडकून चालत नाही. ते दर वेळी, शिकाऊ हातालाही, बाहेर यायलाच हवं. ट्रेनरची खरी कसोटी हीच, वेग किंवा उंची नव्हे.

खाली उतरल्यावर कॅडेटचा ओव्हरऑल पाठीला चिकटलेला असायचा. काही जण बोलत नसत, काही जण थांबत नसत.

९.३०

सोलो. इन्स्ट्रक्टर खाली उतरतात. रिकाम्या सीटच्या पिना परत लावायच्या आणि तिचे पट्टे नीट बांधून टाकायचे, कारण एखादा सुटून स्टिकमध्ये गुंतला तर एकट्या पोराला तो काढता येणार नाही. हे बांधताना माझी बोटं सावकाश चालायची. मग इन्स्ट्रक्टर टारमॅकवर उभे राहून तेवढंच एक विमान बघत राहत. या वेळेला घारीही वर चढू लागलेल्या असत, हीही एक धास्ती.

११.०० नंतर

ऊन चढलं की उड्डाणं आवरती घ्यायची. डबा खायचा. इंधन, तेल, टायर, शेवटच्या उड्डाणानंतरची तपासणी. कॅडेट वर्गात, आम्ही हँगरमध्ये. ज्या विमानांचे ठरलेले तास भरले, त्यांचं इंजिन उघडायचं.

संध्याकाळी ५.००

हत्यारं मोजून पेटीत ठेवायची. एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही, कारण तो विमानात राहिलेला असू शकतो. मग दरवाजे बंद.

माझी नोकरी संपली तरी किरणची संपली नाही. १९९६ मध्ये बीदरला हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक त्यावर उभं राहिलं आणि २०११ पर्यंत त्यावरच उडालं. गोव्याला दाबोळीवर नौदलानेही ते वापरलं. २००९ मध्ये प्राथमिक प्रशिक्षणाचं एचपीटी-३२ जमिनीवर आणल्यानंतर पिलाटस विमानं येईपर्यंत अगदी प्राथमिक धडेही किरणवरच द्यावे लागले. किरणची जागा घ्यायला काढलेलं एचजेटी-३६ हे ७ मार्च २००३ ला उडालं आणि मग स्टॉल-स्पिनच्याच कोड्यात वर्षानुवर्षं अडकलं. दोन्ही बाजूंना सहा-सहा गिरक्यांची चाचणी त्याने २०२२ च्या जानेवारीत पार केली. २०२५ मध्ये त्याला यशस हे नाव मिळालं. लढाऊ विमानांच्या बातम्यांत आपण ट्रेनरकडे फार कमी लक्ष दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याची किंमत शिकणाऱ्या पोरांनी मोजली.

बंगळूरला गेलात तर एचएएलच्या संग्रहालयात किरण उभं आहे. मुलांना घेऊन जा आणि त्याच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन सीट त्यांना दाखवा.