लेखांक ९ : लिफ्टमागे धावणारे डॉक्टर

आज तेलाचा विषय घ्यायचा ठरला होता. पण भाकरीवरचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचकांचे पत्र आले आणि घाणा तिथेच थांबला. ‘उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. सगळे मला सडपातळ म्हणतात. तरी एचबीएवनसी ६.१ कशी? पथ्य जाड माणसांनी करायचे ना?’

हिशेब केला तर त्यांचा बीएमआय २२ भरतो. भारतीयांसाठी तो २३च्या आत असला की ठीक मानतात. वजनकाट्याने त्यांना पास केले. पण रक्ततपासणीत ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा.

हेच कोडे २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्राने मांडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन त्यात शेजारी शेजारी आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत तिथवर धावत पोचणे. ही थट्टा खुद्द त्या लेखातच आहे.

पण दोष एकट्या लिफ्टचा नव्हे. याज्ञिकांचे जन्मवजनही कमी होते, हे त्याच लेखात नोंदवले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर माता आणि त्यांची बाळे अभ्यासली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे स्नायूंत खूपच कमी पडली, कातडीखालच्या चरबीत मात्र फारशी नाहीत. जेवणानंतर रक्तातली साखर साठवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळणारच.

म्हणून साताऱ्याच्या वाचकांनी काटा ठेवून शिंप्याची टेप घ्यावी. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पँटचा नंबर सांगू नये. पँट पोटाच्या खाली बसते.

आणि ताट? आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार धान्यातून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांवर जाऊ नये. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, संध्याकाळी चुरमुऱ्यांचा चिवडा, रात्री खिचडी. पदार्थ बदलतात, पण चारही वेळा धान्यच. तेव्हा एक पोळी कमी, मुगामटकीची उसळ वाटीभर जास्त, वरण घट्ट आणि निम्मे ताट भाज्या-फळांचे. जोडीला स्नायूंना काम देणारा व्यायाम हवाच.

टेपचा आकडा जरूर कळवा. तेल पुढच्या आठवड्यात, नक्की.