यंत्राचे रूप आणि माणसाची सवय

भिलाई हे यंत्रांचे गाव आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या जोडीने वसाहत उभी राहिली आणि तिचे विभाग क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. सेक्टर २ हा त्यांपैकीच एक. देशाच्या चहूकडून माणसे येथे आली, त्यांत मराठी माणसेही होती. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात मोडत असे त्याची राजधानी नागपूरच होती; त्यामुळे हे येणेजाणे मुळीच नवे नव्हते.

या सेक्टर २ मधील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ व्यवस्थेमुळे हे काम बोटाचा ठसा देऊन घरच्या संगणकावर होऊ शकते. आजोबा ते शिकले आहेत. कोठे दाबायचे, मग काय दिसते, मग पुन्हा कोठे दाबायचे, हे त्यांनी एका वहीत क्रमवार लिहून ठेवले आहे. अशा घरात एके दिवशी नातू संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवतो. त्यालाही इलाज नसतो. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नित्याची देखभाल तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली आहे. नातवाला नवे रूप देखणे वाटते. आजोबांना मात्र वहीत लिहिलेले पडद्यावर सापडत नाही. नातू म्हणतो, ‘‘आजोबा, दोन दिवसांत सवय होईल.’’ आजोबा म्हणतात, ‘‘सवय होती रे, तीच तर गेली.’’

हा वाद एका घराचा नाही. संगणकाची नवी कार्यप्रणाली जेव्हा जेव्हा बाहेर पडते तेव्हा जगभर हीच दोन मते ऐकू येतात. एक मत रूपाकडे पाहते, दुसरे सोयीकडे. या दोहोंचे नाते नेमके काय आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते ध्यानात घेतले पाहिजे. संगणकाचे अवयव आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधोमध बसून सर्वांना कामे वाटून देणारी जी व्यवस्था, ती कार्यप्रणाली. गिरणीतील मुकादमासारखी तिची भूमिका असते. तिचा फार मोठा भाग दृष्टीआड असतो. वापरणाऱ्याला दिसतो तो केवळ पडद्यावरचा तिचा चेहरा. आरंभी हा चेहरा म्हणजे काळ्या पडद्यावरील अक्षरांची ओळ होती आणि आज्ञा पाठ असल्यावाचून यंत्र हलत नसे. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्यावर खिडक्यांसारख्या चौकटी आणि माउसने हलविण्याचा बाण ही योजना होती. १९८४ साली ॲपल कंपनीच्या ‘मॅकिन्टॉश’ने ती सामान्य ग्राहकापर्यंत नेली. कागद, कपाट, कचऱ्याची टोपली अशी टेबलाभोवतीची ओळखीची चित्रे पडद्यावर आली. पाठांतराची जागा ओळखीने घेतली. संगणक घरोघर पोहोचला याचे पुष्कळसे श्रेय या बदलाला आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राचे रूप हा वरून चढविलेला अलंकार नव्हे. ‘येथे दाब’, ‘हे ओढ’, ‘हे आता बंद आहे’ असे यंत्र माणसाला रूपाच्याच द्वारे सांगत असते. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. एकमेकांशेजारी बसविलेल्या दोन सारख्याच दांड्या, पण एकीने यंत्र सुरू व्हावे आणि दुसरीने थांबावे, यातील धोका तो पाहताक्षणी ओळखील. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘बी-१७’ जातीच्या विमानांबाबत असेच घडत असे. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांची झडप मिटविण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर आदळे. दोष वैमानिकांना दिला जाई. अल्फान्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने तपास केला, तेव्हा दोन्हींच्या मुठी सारख्या आणि शेजारीशेजारी असल्याचे आढळले. त्याने एका मुठीला चाकाचा आकार दिला आणि दुसरीला पाचरीचा. हाताला फरक कळू लागला आणि चूक टळली. माणसाची म्हणून गणलेली चूक खरोखर रूपाची होती.

पडद्यावरच्या खुणांनाही हाच न्याय लागू पडतो. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. संगणकाच्या पडद्याचे कोपरे यात विशेष सोयीचे ठरतात. माउस कितीही जोराने सरकविला तरी बाण कोपऱ्यापलीकडे जात नाही. तो तेथेच अडतो. हात थरथरणाऱ्या माणसालाही कोपरा चुकत नाही. १९९५ च्या ‘विंडोज’मध्ये आरंभाचे बटण डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याशी ठेवले गेले आणि पुढील अनेक वर्षे कोट्यवधी लोकांचा हात न पाहता तिकडे वळू लागला. २०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’मध्ये मात्र ते खालच्या पट्टीच्या मध्यभागी आणले गेले. रुंद पडद्यावर मध्यभाग डोळ्यांना जवळ पडतो, हे याचे समर्थन आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पट्टी मध्यभागी ठेवल्यामुळे जसजसे अधिक कार्यक्रम उघडावेत तसतसे ते बटण डावीकडे सरकत जाते. ज्याची जागाच स्थिर नाही त्याची हाताला सवय कशी व्हावी? आजोबांच्या तक्रारीत केवळ म्हातारपणाचा हट्ट नाही, असे यावरून दिसून येईल.

दुसरे उदाहरण सपाटपणाचे. १९९५ च्या पडद्यावरील बटणे फुगीर दिसत. त्यांना उजळ आणि गडद कडा असत आणि दाबली असता ती आत गेल्यासारखी वाटत. पुढे, विशेषतः २०१२-१३ नंतर, सपाट रूपाची आवड पसरली. कडा गेल्या, सावल्या गेल्या, अक्षरे बारीक व फिकट झाली. पडदा स्वच्छ दिसू लागला हे खरे. पण कोणता शब्द वाचावयाचा आणि कोणता दाबावयाचा हे ओळखणे कठीण झाले. तरुण डोळ्यांना ते जाणवत नाही. अधू डोळ्यांसाठी जागतिक स्तरावर मानक ठरविण्यात आले आहे. त्यानुसार साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातील फरक किमान साडेचारास एक या प्रमाणात असावा. सौंदर्याच्या नादात जी रचना हे प्रमाण मोडते, ती काही लोकांना दाराबाहेरच ठेवते.

मग सवय हीच श्रेष्ठ मानावी काय? तसेही म्हणता येत नाही. देवनागरी कळफलकाचे उदाहरण याच संदर्भात उद्बोधक आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी तयार झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर सापडतात. आणि मराठीसाठी शिकलेली मांडणी बंगालीला किंवा कन्नडलाही उपयोगी पडते. इतकी तर्कशुद्ध रचना असूनही जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या लेखनिकांनी ती सहजासहजी स्वीकारली नाही. त्यांचे अनेक वर्षांचे कौशल्य नव्या मांडणीत शून्यावर येत होते. याउलट, ज्याने कळफलकाला पूर्वी हातच लावला नाही, त्याला तीच मांडणी लवकर उमगते. तात्पर्य, सवय हे माणसाने श्रमाने साठविलेले भांडवल आहे. ते कधीच मोडू नये असे नाही. परंतु मोडावयाचे असेल तर त्याहून मोठा लाभ समोर दिसला पाहिजे आणि जुन्याकडून नव्याकडे जाण्यास पायवाट असली पाहिजे.

ही पायवाट नसली म्हणजे काय होते, ते २०१२ साली दिसले. ‘विंडोज ८’मध्ये आरंभाचे परिचित बटण काढून टाकण्यात आले आणि बोटाने चालविण्याच्या पडद्यांना शोभेल असे मोठमोठ्या रंगीत चौकोनांचे रूप आले. घरोघरी आणि कचेऱ्यांत असलेले बहुसंख्य संगणक तर माउसनेच चालत होते. पुढच्याच वर्षी ते बटण परत आणावे लागले आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’मध्ये जुन्या धर्तीची यादीही परतली. मुक्त प्रणालींच्या जगातही २०११ साली असाच प्रसंग आला. ‘ग्नोम’ या प्रसिद्ध पडदारचनेने आपले रूप आमूलाग्र बदलले. तेथे मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळे नाराज मंडळींनी जुनी रचनाच ‘माटे’ या नावाने पुढे चालविली. एकाच घराचे दोन संसार झाले, पण कोणाला बेघर व्हावे लागले नाही.

भारतातही पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची मुक्त कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती वापरता यावी, हा तिचा एक हेतू होता. आणि येथे मराठी माणसापुढे रूपाचा एक खास प्रश्न उभा राहतो, तो लिपीचा.

देवनागरी एकच असली तरी मराठी वळण आणि हिंदी वळण यांत भेद आहे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठीत निराळ्या रीतीने काढली जातात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे निश्चित केली. संगणकात मात्र दोन्ही वळणांच्या ‘ल’चा संकेतक्रमांक एकच असतो. पडद्यावर कोणते वळण उमटावे हे अक्षरसंच आणि निवडलेली भाषा यांवर ठरते. भिलाईसारख्या गावी याला वेगळेच महत्त्व येते. तेथील मराठी मूल शाळेत हिंदी ‘ल’ गिरविते आणि मराठी ‘ल’ त्याला घरातील पुस्तकांतच भेटतो. संगणकानेही हिंदीच वळण दाखविले, तर मराठी वळण दिसण्याची एक जागा कमी होते.

काही ठिकाणी तर प्रश्न वळणाचा नसून अर्थाचा असतो. ‘आचार्यांना बोलावले’ म्हटल्यास गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हटल्यास स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. मराठीला हा अर्धा ‘र’ हवाच. युनिकोड या जागतिक संकेतात त्याची सोय आहे. पण तो कोणत्या कळीने उमटतो हे सांगितल्यावाचून कळत नाही आणि पुष्कळजण चुकीचे रूप लिहून पुढे जातात. ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतंत्र संकेतक्रमांक २००८ साली मिळाला. ज्या प्रणालीत स्वतःची भाषा शुद्ध लिहिता येत नाही, तिचा चेहरा कितीही मोहक असला तरी मराठी लेखकाच्या दृष्टीने ती अपुरीच होय.

एवढ्या विवेचनावरून नव्या प्रणालीची पारख करण्याच्या काही कसोट्या हाती येतात. पूर्वी ती न पाहिलेल्या माणसास तिच्यापुढे बसवावे, एक साधे काम सांगावे आणि शेजारी गप्प राहून पाहावे. तो कोठे अडखळतो तेथे दोष आहे. जुन्या जाणकारास महिनाभर ती वापरू द्यावी आणि मग विचारावे, कारण पहिल्या दिवसाचा राग आणि पहिल्या दिवसाचे कौतुक, दोन्ही अविश्वसनीय असतात. अक्षरे मोठी करता येतात काय, जुनी मांडणी ठेवता येते काय, आपली भाषा आपल्या वळणाने उमटते काय, हेही पाहावे. या कसोट्यांना उतरलेले रूप बहुधा देखणेही ठरते.

सेक्टर २ मधील त्या घरात काय व्हावे? ‘विंडोज ११’मध्ये खालची पट्टी पुन्हा डावीकडे नेण्याची सोय आहे. नातवाने ती शोधून बटण जुन्या जागी आणावे, अक्षरे मोठी करावीत आणि आजोबांच्या शेजारी बसून वहीचे नवे पान त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावे. या कामास अर्धा तास पुरेल. दाखल्याचा दिवस येईल तेव्हा आजोबांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही, आणि ज्या माणसाने जन्मभर अवजड यंत्रे चालविली त्याला घरातल्या यंत्रासाठी दुसऱ्याचे तोंड पाहण्याची पाळी येणार नाही.