कॅरव्हॅनमधील गंजप्रवण जोडसाहित्य बदलणे

कॅरव्हॅन म्हणजे निवासाची सोय असलेल्या पर्यटन वाहनातील साध्या पोलादाचे स्क्रू, नटबोल्ट, बिजागऱ्या, कड्या, पट्टे व आधारकोन काढून त्यांच्या जागी गंजरोधक साहित्य बसवणे, हा अशा वाहनाच्या देखभालीचा एक महत्त्वाचा भाग आहे. कॅरव्हॅन हे एकाच वेळी वाहन आणि घर असते. स्वयंपाक, स्नान व झोपताना होणारा श्वासोच्छ्वास यांमुळे आत बाष्प साठते, तर बाहेरून पाऊस, चिखल आणि किनारी भागात खारा वारा लागतो. त्यामुळे तिच्यातील लहान धातूचे भाग सामान्य मोटारगाडीतील भागांपेक्षा लवकर गंजतात.

भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅरव्हॅन व कॅम्पिंग पार्कविषयीचे धोरण आखले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

गंजण्याची कारणे

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे फुगलेला स्क्रू भोवतालचे लाकूड व सांधाभराव उचलतो आणि त्या फटीतून पाणी आत शिरते. छतावरील एका स्क्रूपासून सुरू झालेला गंज अशा रीतीने प्लायवूड कुजण्यास कारणीभूत ठरू शकतो.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्क्रूंवर जस्ताचा विद्युतलेप असतो. त्याची जाडी साधारणतः ५ ते १२ मायक्रॉन असते. पेचकसाने डोक्यावर ओरखडा पडला किंवा जस्त झिजून संपले की खालचे पोलाद उघडे पडते.

सणसवाडी व परिसर

सणसवाडी हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, पुणे–अहिल्यानगर मार्गावरील औद्योगिक गाव आहे. जॉन डिअर कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना येथे आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत याच मार्गावर पुढे आहे. हा भाग समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, दख्खनच्या पठारावर असून येथील हवा वर्षाचे बरेच महिने कोरडी असते. त्यामुळे येथे ठेवलेल्या वाहनाला गंजाचे भय नाही, असे वरवर वाटते.

प्रत्यक्षात कोकणचा प्रवास करून आलेले वाहन सांध्यांमध्ये व पत्र्यांच्या पडद्यांत मीठ घेऊन येते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत ओले होते. पावसाळ्यात पठारावरील आर्द्रताही ही मर्यादा ओलांडते. त्यामुळे किनाऱ्यावर लागलेले मीठ वाहन घरी उभे असतानाही गंज वाढवत राहते. किनाऱ्यावरून परतल्यावर वाहनाचा तळ, चाकांचे कोनाडे आणि दारांच्या बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते.

पर्यायी साहित्य

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्यामुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, आपोआप भरून येणारा थर तयार होतो. ३०४ प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ प्रकारात त्याखेरीज २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असल्यामुळे तो मिठाला अधिक चांगला तोंड देतो. आयएसओ ३५०६ या मानकानुसार बोल्टवर हे प्रकार अनुक्रमे ए२ व ए४ या खुणांनी दर्शवले जातात. केवळ लोहचुंबकाने परीक्षा करणे पुरेसे नसते, कारण थंड अवस्थेत घडवलेला अस्सल स्टेनलेस स्क्रूही किंचित चुंबकीय होतो.

कोठे बदलू नये

गंज न लागणे म्हणजे बळकट असणे नव्हे. ८.८ श्रेणीच्या पोलादी बोल्टची किमान ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते, तर ए२-७० बोल्टची ७००. कायमचे वाकण्याची मर्यादा पाहिल्यास फरक अधिक मोठा आहे: अनुक्रमे ६४० व ४५०. म्हणून आसने, आसनपट्ट्यांचे आधार, निलंबन, ब्रेक आणि ओढणीचा जोड येथे मूळ श्रेणीचेच, गंजरोधक लेप असलेले बोल्ट वापरावे लागतात. १०.९ किंवा त्याहून वरच्या श्रेणीच्या बोल्टवर स्थानिक कारखान्यात जस्ताचा विद्युतलेप चढवणेही धोक्याचे असते. प्रक्रियेत शिरलेल्या हायड्रोजनमुळे असा बोल्ट पूर्वसूचनेशिवाय तुटू शकतो.

दोन धातूंचा संपर्क

ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा स्क्रू बसवल्यास खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. स्क्रू लहान व पत्रा मोठा असल्यास झीज मंद असते. उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला ॲल्युमिनियमचे लहान रिव्हेट लावल्यास रिव्हेट झपाट्याने खलास होतात. नायलॉनचे वॉशर, रंगाचा थर किंवा सांधाभराव यांनी दोन्ही धातू वेगळे ठेवले जातात.

कामाची पद्धत

एका वेळी एकच भाग काढून लगेच नवा बसवल्यास पत्रे व दारे जागेवरून सरकत नाहीत. अडकलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून काही तास थांबतात. गॅसची नळी, टाकी किंवा विद्युत तारा जवळ असल्यास ज्योतीचा वापर टाळला जातो. लाकडातील छिद्र मोठे झाले असल्यास ते इपॉक्सीने भरून, सुकल्यावर पुन्हा छिद्र पाडतात. केवळ जाड स्क्रू ठोकल्याने कुजलेले लाकूड धरत नाही. छतावर जुना सिलिकॉन पूर्ण खरवडणे गरजेचे असते, कारण त्यावर नवा सांधाभराव नीट चिकटत नाही. स्टेनलेसचे नट घट्ट करताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. म्हणून आट्यांना वंगण लावून ते सावकाश फिरवतात. काही प्रवासानंतर सर्व जोड पुन्हा तपासले जातात.

गॅस सिलिंडर, बॅटरी आणि पाण्याची टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना या कामात अग्रक्रम दिला जातो. अचानक ब्रेक लागल्यास सिलिंडर जागेवर राहणे या पट्ट्यांवरच अवलंबून असते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. बिजागरी किंवा स्क्रू यांसारखे साहित्य तशाच साहित्याने बदलणे ही देखभाल ठरते. आसनांची संख्या किंवा वाहनाची रचना बदलणे मात्र या कलमाच्या कक्षेत येऊ शकते.

वर्ग: वाहन देखभाल | धातूंचे क्षरण | महाराष्ट्रातील पर्यटन