आधी चावी बघा, मग पोराला बोला

आमच्या जुन्नर तालुक्यात वाजंत्र्यांना रिकामपण कमीच. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, माघी गणेश जयंतीला लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचा उत्सव, चैत्रात गावोगावच्या यात्रा. शिवाय शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. लग्नाच्या बँडमध्ये गाण्याची चाल उचलायची ती बहुधा क्लॅरोनेटनं. त्यामुळे हे वाद्य शिकू पाहणारी पोरं इकडे आहेत, आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करणं हे माझं काम.

माझ्याकडे येणारी नेहमीची तक्रार वाद्याची नसते, पोराची असते. बाप म्हणतो, ‘ह्याला फुंकच जमत नाही. बंद करावं म्हणतो.’ मी वाद्य हातात घेतो आणि आधी चाव्या बघतो.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिरानं 1700 च्या सुमारास क्लॅरोनेट घडवलं, तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीच्या वाद्याला 17 चाव्या असतात. भोकं जास्त आणि बोटं दहा, म्हणून ही योजना. चावीच्या टोकाला वाटी, वाटीत मऊ पॅड, आणि चावी जागेवर आणायला सुईसारखी स्प्रिंग. पॅड भोकावर नीट बसलं नाही तर हवा तिथूनच निसटते. वरच्या भागातल्या एका पॅडला केसाएवढी फट राहिली, तरी खालचे सूर एक तर उमटत नाहीत, नाहीतर किंचाळतात. पोरगं जीव खाऊन फुंकतं, आणि घरचे म्हणतात, दमच नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे वरच्या आणि खालच्या नळीला जोडणारी पुलाची चावी. जोडाचं बूच कोरडं पडलं की पोर जोर लावून नळी पिळतं, तेही चाव्यांना धरून. मग पूल वाकतो. उपाय सोपा आहे. बुचाला जरासं ग्रीस लावायचं, नळी जिथे चाव्या नाहीत तिथे धरायची आणि वरच्या भागाच्या कड्या दाबून ठेवायच्या. कड्या दाबल्या की पुलाचं वरचं टोक उचललं जातं आणि खालच्या टोकावर आपटत नाही.

वाकलेली चावी सरळ होते की तुटते, हे धातूवर ठरतं. बऱ्या वाद्याच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. ही चावी बेतानं सरळ करता येते. मात्र तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली तर धातू कडक होतो आणि तडकतो. तुटली तरी सोनार दागिना जोडतो तशी चांदीच्या डागानं झाळता येते. आधी पॅड, बूच आणि स्प्रिंग काढून घ्यायची, कारण झाळायला 600 अंशांहून जास्त उष्णता लागते. कथलाचा डाग 200 अंशांच्या आतच वितळतो. पण बोटाचा दाब सोसणाऱ्या जागी तो टिकत नाही.

अगदी स्वस्त वाद्यांच्या काही चाव्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. त्या सरळ करायला गेलं की कटकन मोडतात. झाळावं म्हटलं, तर हा धातू 400 अंशांच्या आतच वितळून जातो. मग नवी चावी करून बसवायची, आणि कधी कधी ती मजुरी वाद्याच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून वाद्य घेण्यापूर्वी चाव्या कशाच्या आहेत, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्यावं.

पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज चढतो आणि त्या ऐन सुपारीच्या वेळी मोडतात. पॅड बसवायला मात्र आपली देशी लाख अजून चालते. स्पिरिटच्या दिव्यावर वाटी गरम केली की लाख वितळते आणि पॅड हवं तसं सरकवता येतं.

एक परीक्षा घरी करण्यासारखी आहे. वरची नळी सुटी करा. पुढची तीन भोकं आणि मागचं अंगठ्याचं भोक बोटांनी झाका, खालचं तोंड तळहातानं बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ दोन-चार सेकंद टिकली तर नळी ठीक. लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे. मग प्रत्येक पॅडखाली पातळ कागदाची पट्टी धरून हळूच ओढा. जिथे ती न अडता निघून येते, तिथला पॅड बसलेला नाही.

एवढं केल्यावरही सूर लागला नाही, तर मग रियाजाचं बोला. पण मोडक्या चावीपायी कुणा पोरानं वाद्य कायमचं खाली ठेवू नये. उद्या त्याच्या घरात लग्नसराईचे चार पैसे त्याच फुंकेतून यायचे असतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)