गावचा पाऊस आणि गावची माणसं

गेल्या वर्षी तुमच्या गावात पाऊस किती झाला, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? पुणे जिल्ह्यातल्या गावोगाव मी हा प्रश्न विचारत आलो आहे. उत्तर येतं, "बरा झाला," "ओढे वाहिले," नाहीतर "यंदा काही खरं नव्हतं." गावात माणसं किती, यालाही तसंच, "असतील की हजार-बाराशे." बैल घेताना दात मोजणारे आपण; पण ज्या दोन आकड्यांवर गावाचं वर्षाचं पाणी ठरतं, ते अंदाजावर सोडतो.

पुणे शहराचंच बघा. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून इथं आली, म्हणून त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' हे नाव चिकटलं. शहराचा सरासरी पाऊस सुमारे ७२० मिलिमीटर, म्हणजे साधारण २८ इंच. पण हा आकडा जिल्ह्याला लावाल तर फसाल. पश्चिमेला लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेला बारामती-इंदापुरात पाचशेच्या आसपास. एसटीनं चार-पाच तासांची वाट, पण आभाळ निराळं.

पाऊस पडेल तिथं माणसं वसली असती, तर वेल्हे तालुक्यात (आता त्याला राजगड म्हणतात) पाय ठेवायला जागा उरली नसती. प्रत्यक्षात २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली आणि वेल्ह्याची पंचावन्न हजारांच्या आसपासच अडकून राहिली, किंचित घटलीच. कारण उघड आहे. डोंगरउतारावरचं पाणी चार महिन्यांत धावून जातं. भात, नाचणी, वरई निघाली की बहुतेक रानं पडून राहतात आणि तरणा पोरगा पुण्याची वाट धरतो. जे पाणी अडवलं, ते पानशेत-वरसगावात. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून साठा २९ टीएमसीचा. तो नळानं शहरात आणि कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरकडं जातो. पाणी गेलं तिकडं माणूसही गेला. पानशेतनं उठवलेल्या काही कुटुंबांना जमिनीसुद्धा दौंडकडंच मिळाल्या. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत मात्र चैत्र-वैशाखात हंड्यांची रांग लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पूर्वेकडच्या बंधूंनो, यावरून तुम्ही सुटलात असं समजू नका. कालवा म्हणजे पाऊस नव्हे. आणि लागोपाठ चार बरी वर्षं आली की आपण त्यांनाच सरासरी समजतो.

ही चूक सातासमुद्रापलीकडेही झाली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६५ साली जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेअरनं घोड्यावरून हिंडून, झाडझाडोरा पाहून एक रेघ आखली. रेघेच्या दक्षिणेला गहू येईल; उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथं मेंढरंच चारावीत. पुढं काही वर्षं पाऊस छान झाला. लोक त्या रेघेला हसले, १८७४ नंतर उत्तरेकडं जमिनी घेऊन दगडी घरं बांधली. नांगर जाईल तिथं पाऊस मागोमाग येतो, असंही बोललं जाऊ लागलं! १८८० नंतर दुष्काळ पडला आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. त्या घरांच्या पडक्या भिंती आजही तिथं उभ्या आहेत.

आता आपला हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. ५०० मिलिमीटर पडला तर एकरी वीस लाख लिटर. हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे फक्त दहा एकरांवर पडणारा पाऊस! गुरं धरली तरी वीस एकरांत भागावं. मग गाव तहानलेलं का? निम्म्याहून अधिक पाणी वाफेनं आणि ओढ्यानं जातं, हे एक. दुसरं बोलायला जड जातं, पण बोलतो. सुरू उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, एकरी ऐंशी लाख लिटर. अडीच एकर ऊस हजार माणसांचं वर्षाचं पाणी पितो. मी उसाचा वैरी नाही, ठिबकवर तो बराच कमी पाण्यात येतो. पण विहीर कुणाचीही असो, तिच्या तळाचं पाणी गावाचं आहे.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं हे ओळखलं. तिथं पाऊस मोजतात, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, तशीच उसालाही.

यंदा एवढं करा. उभ्या सरळ भिंतींचा डबा घ्या. तळ सपाट हवा, रुंदी कितीही चालेल. तो मोकळ्या जागी ठेवा, झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. एका गावी हा डबा मला शाळेच्या पन्हळीखाली ठेवलेला आढळला. त्या गावानं त्या वर्षी लोणावळ्याला मागं टाकलं होतं! रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. हे काम सातवी-आठवीतल्या मुलीला द्या, एक दिवसही चुकणार नाही.

आणि माणसं मोजताना नुसती मतदारयादी उतरवू नका. २०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली, म्हणून २०११ चे आकडे किती जुने झाले ते ध्यानात घ्या. बारा महिने राहणारे किती, पुण्याला जाऊन-येऊन असणारे किती, दिवाळीनंतर फडात उतरणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या किती आणि मेंढरं घेऊन येणारे धनगर किती, हे निरनिराळं लिहा. त्यांचे हंडेही तुमच्याच विहिरीवर भरतात.